कारल्याच्या बाजूने

हात केतकीचाच होता. मग तो वर कुणी केला?

चंद्रावरच्या वसाहतीतल्या शाळेची ही गोष्ट. काचघरात स्ट्रॉबेरी लावायची, तर एक वाफा रिकामा करायला हवा होता. “कारल्याचा वेल उपटायचा का?” वाकणकरबाईंनी विचारलं आणि अठराच्या अठरा हात वर गेले. त्यात केतकीचाही होता. वेल तिनेच बी रुजवून वाढवला होता आणि कारलं तिला मनापासून आवडायचं. आता उद्या सकाळी तो निघणार म्हणून तिला रडूच येत होतं.

“मी मुद्दाम नाही रे केला,” ती खुळखुळ्याला म्हणाली. खुळखुळ्या म्हणजे काचघर सांभाळणारा रोबो. त्याचा एक स्क्रू कायम ढिला असायचा.

“मी पाहिलं. आधी तू डावीकडे बघितलंस, मग उजवीकडे, मग हात वर गेला. याला समूहदबाव (सगळे करतात म्हणून आपणही करावं असं वाटणं) म्हणतात.”

“म्हणजे माझं मत माझं नाहीच?”

“उडी मार बरं.”

केतकीने मारली. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना आपल्याकडे ओढणारं बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकं, त्यामुळे ती चांगली उंच गेली आणि सावकाश खाली आली.

“चंद्राने ओढलं. तरी उडी कुणाची?”

“माझीच. पण ओढ नसती तर किती मजा!”

“यानातून येताना नव्हतीच की. चालता येत होतं?”

“छे, नुसती तरंगत होते.”

“ओढ असते म्हणून पाय रोवता येतात. माणसांचीही ओढ असतेच, ती ओळखायची आणि आपण ठरवायचं. काहीच न ठरवणं, हेही आपणच ठरवलेलं असतं.”

सकाळी केतकी वर्गात उभी राहिली. “बाई, काल मी सगळ्यांचं बघून हात वर केला. मला कारलं आवडतं.”

वर्गात खसखस पिकली. “कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच,” ओजसने म्हण ऐकवली.

“म्हणून तर आवडतं,” केतकी म्हणाली.

बाईंनी पुन्हा मतं घेतली, या वेळी सगळ्यांना डोळे मिटायला लावून. वेलाच्या बाजूने सात हात आले. सातांनी काही जिंकता येत नाही, पण बाईंनी तोडगा काढला: अर्ध्या वाफ्यात वेल, अर्ध्यात स्ट्रॉबेरी.

नंतर काचघरात केतकीने खुळखुळ्याला नवीनच काळजी सांगितली. “त्या सहा जणांना मी ओढलं का रे?”

“ओढलंस. हात मात्र त्यांनीच वर केले.”

तेवढ्यात झारी घेऊन कुणीतरी आलं आणि गुपचूप वेलाला पाणी घालू लागलं. तो ओजस होता.