नावाडी बुडाला की नाही

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझं तोंड उघडं होतं आणि त्याचे दोन्ही हात त्यात होते. इतक्या जवळिकीनंतर ओळख करून घ्यायची खरं तर गरज नव्हती… पण माझ्या मांडीवरची फाईल घसरली, कागद पसरले, आणि ते उचलता उचलता डेंटिस्ट थबकला.

"हा तर आत्याचा नावाडी!"

"आँ," मी म्हणाले. परिस्थितीच तशी होती.

"माझ्या आत्यानं लिहिलंय हे. तुमच्याकडे कसं?"

"आँ आँ आँ."

"अच्छा, संपादक आहात!"

हा माणूस वेगळा आहे, हे मला तिथंच कळलं. माझ्या सख्ख्या आईला मी चार वर्षं स्वच्छ शब्दांत सांगतेय, तरी ती सगळ्यांना "पोरगी छापखान्यात असते" असंच सांगते.

त्याची आत्या गेल्या वर्षी गेली. मागे सतरा दंतकथा राहिल्या. (डेंटिस्ट आणि दंतकथा हा विनोद त्यानं लगेच स्वतःच करून टाकला. माझा वाचला.) सतरावी अर्धवट होती. माझ्या एकटीवर सोपवलेलं हे पहिलंच पुस्तक, आणि त्यात कशाचा कशाला मेळ नव्हता. नदी दुसऱ्या कथेत पूर्वेला वाहायची, सहाव्या कथेत डोंगर चढायची. राणी स्वतःच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान होती. आणि नावाडी चौथ्या कथेत बुडून मेला होता, तरी तेराव्या कथेपासून निवांत वल्ही मारत होता. कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

साहेबांनी बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत काय ते ठरव. मेला असेल तर तेरा ते सतरा सरळ गाळून टाक."

त्याच पाच कथांसाठी मी हे पुस्तक मागून घेतलं होतं.

मग रोज दुपारी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, मी दवाखान्यात जायला लागले. तो पेशंटच्या खुर्चीत आडवा, मी त्याच्या स्टुलावर, कागद औजारांच्या ट्रेमध्ये.

"राक्षसाला पहिल्या कथेत बत्तीस दात आहेत. नवव्या कथेत चाळीस."

"अक्कलदाढा. काहींना उशिरा येतात."

"आठ?"

"राक्षस आहे हो तो! जरा समजून घ्या की."

मी हसले. तो बघत राहिला…

"तुम्ही फक्त डावीकडून हसता."

"उजवीकडे तुम्ही सिमेंट भरलंय."

एकदा त्यानं माझ्या खुणांवर बोट ठेवलं. "हे ठिपके कसले?"

"खोडलेलं परत हवं असेल तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे. म्हणजे, राहू द्या."

"म्हणजे मेलेला शब्द जिवंत होतो?"

"लगेच."

"कमाल आहे. आमच्याकडे एकदा काढला की संपलं."

गुरुवारी मी गेले तेव्हा तो दारातच उभा होता. हातात जुनी वही, केसांत माळ्यावरची धूळ. आम्ही इतके दिवस टाईप केलेल्या प्रतीवर डोकं फोडत होतो. आत्याच्या हाताची मूळ वही ही होती. त्यानं चौथी कथा उघडली. 'नावाडी बुडाला' या दोन शब्दांवर जांभळ्या खडूनं इतक्या जोरात गिरगटलं होतं की कागद फाटला होता. शेजारी आत्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'बरं बाबा. नाही बुडाला. आता जेव.'

"सात वर्षांचा होतो मी," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "दोन जेवणं सोडली होती."

टाईप करणाऱ्याला तो पोराचा खेळ वाटला असणार. त्यानं मन लावून नावाड्याला बुडवलं होतं. नावाड्याच्या बाबतीत आत्या चुकलीच नव्हती!

मी त्याचा हात धरला. संपादकीय कारणासाठी. मग सोडायचा राहून गेला.

सतराव्या कथेचं शेवटचं वाक्य तेवढं उरलं. नावाडी पैलतीराला लागतो, घाटावर दिवे लावणारी दिवेवाली वाट बघत उभी असते… 'तो तिला म्हणाला,' आणि पुढे कोरं पान.

"काय म्हणाला असेल?" त्यानं विचारलं.

"आपल्याला माहीत नाही. स्वल्पविरामावर थांबायचं."

"फार कडक आहात बुवा तुम्ही."

शुक्रवारी फाईल छपाईला जायच्या आधी मी त्याची सही घ्यायला गेले. काम संपलं होतं. दात कधीचाच बरा झाला होता. उद्यापासून इथं यायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं, आणि फाईलची नाडी मला तीनदा बांधावी लागली.

त्यानं सही केली. कागदांत एक चिठ्ठी निघाली. तिच्यावर एक वाक्य होतं, आणि त्यावर आडवी रेघ.

'दात दुखत नसला तरी येत जा.'

"हे काय?"

"काही नाही… सहज सुचलं. खोडलंय ना."

"का खोडलं?"

"नावाड्याच्या तोंडी शोभत नाही."

"नावाड्याच्या नाहीच शोभत."

मी पेन्सिल काढली. वाक्याखाली एकेक ठिपका देत गेले — सावकाश, प्रत्येक अक्षराला एक. कुणी आपलाच एक्स-रे बघावा तसा तो बघत होता.

"म्हणजे… उद्या येशील?"

'तुम्ही'चा निकाल तिथंच लागला.

पुस्तक स्वल्पविरामावरच संपतं. साहेबांना ती अजूनही छपाईची चूक वाटते. नावाडी शेवटी काय म्हणाला, असं वाचक विचारतात. मी खरं तेच सांगते, की वहीत काही नाही. चिठ्ठी माझ्या पाकिटात असते.

दात आता अजिबात दुखत नाही. रोज जाते.