सव्वाच्या बुटाचा आवाज

हे घडलेलं आहे. जिच्यासमोर घडलं ती आवाजाच्याच धंद्यात आहे. कानाला भास कसे होतात, हे तिला तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळतं. तिने आधी सगळं पुन्हा पुन्हा तपासलं आणि मगच तोंड उघडलं.

मंगळवार होता. जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली. बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना करडा फोम, खाली जाड गालिचा, मधोमध एक माइक आणि काचेपलीकडे तिची खुर्ची.

रात्र नव्हती. वीज गेलेली नव्हती. कुठे कुत्रं रडत नव्हतं.

ती मात्र त्या दिवशी भलतीच संतापलेली होती.

कारण होता एक जुना विनोदी चित्रपट. दोन बेकार मित्र, दोघांना नोकरीची मुलाखत आणि दोघांत मिळून एकच कोट. उंच नटाला लोक सव्वा म्हणायचे, बुटक्याला पाऊण. दोघं मिळून बरोब्बर दोन होतात, असं कौतुकाने सांगायचे. कुणी नुसतं "कोट कुणाचा?" म्हटलं की शेजारचा पाऊणच्या सुरात म्हणायचा, "बाही तुझी आहे. हात माझा आहे." दोघांच्या त्या जमण्याच्या आठवणी काढत म्हातारी माणसंही पोट धरून हसायची.

सव्वा तिचा सख्खा मामा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाऊणकाका अजून होते, काठी टेकत का होईना.

चित्रपट पुन्हा पडद्यावर यायचा होता. जुन्या निर्मात्याचा मुलगा आता त्याचा मालक. त्याने आवाज साफ करायला तिच्याकडे दिला. तिने जीव ओतून काम केलं. खरखर काढली, घरघर काढली. एक आवाज फार छळायचा. काकांच्या प्रत्येक वाक्याच्या आधी, लाकडावर काहीतरी आपटल्यासारखा...

ठक्.

तिने तो एकेक करून, शेवटपर्यंत पुसून टाकला. मामा समोर बसून बोलतोय, असं वाटायला लागलं. त्या रात्री ती समाधानाने झोपली.

मालकाने ऐकलं आणि मान हलवली. आवाज जुनाटच वाटतो म्हणाला. त्याने एक नकलाकार शोधून ठेवला होता. मामाचे सगळे संवाद तो नव्याने बोलणार होता, वर चार ताजे विनोदही घालणार होता.

तिचं डोकंच फिरलं. माणूस मेला म्हणून त्याची जीभही तुमची झाली का, असं तिने तोंडावर विचारलं.

मालक हसला. "ताई, मामा तुमचा. चित्रपट माझा."

अडचण एकच होती. दोघांनी आपले संवाद एकाच माइकसमोर, खांद्याला खांदा लावून बोललेले. दोघांचे आवाज एकमेकांत दुधात साखर विरघळावी तसे मिसळलेले. मामाला काढायचं तर काकाही जाणार. म्हणजे काकांनी स्वतःचे संवाद पुन्हा बोलायला हवेत. त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला.

काका हो म्हणाले. फोनवर, एका शब्दात.

म्हणून मंगळवारी ते आले तेव्हा तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. एवढी जिवाभावाची दोस्ती आणि हे काय केलंत, एवढंच म्हणाली.

"दोस्ती?" काका म्हणाले. "तुला कुणी सांगितलं?"

आणि ते आत माइकसमोर जाऊन बसले.

तिने कानांवर हेडफोन चढवले. काचेवरच्या पडद्यावर तोच कोटाचा प्रसंग सुरू झाला. मामाचे ओठ हलले. आता काकांचं वाक्य...

ठक्.

"बाही तुझी आहे. हात माझा आहे."

तिने यंत्र थांबवलं. काकांची काठी बाहेर आणून ठेवली. पुन्हा सुरू केलं.

ठक्.

काकांना बूट काढायला लावले. ते मुकाट्याने मोज्यांवर बसले. तिने खुर्ची बदलली, वायर बदलली, शेवटी माइकही बदलला.

ठक्.

आवाज लाकडाचा होता. त्या खोलीत लाकूड कुठेच नव्हतं.

तिने हेडफोन उतरवले आणि दार उघडून नुसत्या कानांनी ऐकलं. काहीच नाही. हेडफोन लावले की मात्र यायचा. काकांच्या कानांवर तर काहीच नव्हतं. तरीही प्रत्येक वेळी, अगदी त्याच क्षणी, काका मान किंचित डावीकडे वळवत होते.

डावीकडे कुणी नव्हतं.

"येतोय ना?" काकांनी विचारलं.

तिने "काय?" म्हणून विचारलं.

"त्याचा बूट."

मग त्यांनी सांगितलं. माइक मामाच्या उंचीवर लावलेला असायचा, म्हणून काकांना लाकडी खोक्यावर उभं करायचे. वाक्य कधी टाकायचं हे काकांना कधीच कळलं नाही. मामाला कळायचं. तो बुटाच्या टोकाने खोक्याला ठोका द्यायचा आणि काका बोलायचे. लोक ज्याला दोघांचं जमणं म्हणत होते, ते सगळं त्या ठोक्यात होतं.

तिने तो प्रत्येक ठोका स्वतःच्या हाताने पुसला होता.

"दोघं तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हतो आम्ही," काका म्हणाले. "तुझी काकू आजारी होती. मी म्हटलं, चार दिवस काम थांबवू. तो म्हणाला, नाही, आत्ताच रंग चढलाय. ती गेली तेव्हा मी त्या कोटात हात घालून लोकांना हसवत होतो. मी त्याच्या मयतालाही गेलो नाही." ते थांबले. "मला एकदा त्याच्याशिवाय बोलायचंय. चालू कर."

तिने चालू केलं.

ठोका जोरात आला. इतका, की तिने हेडफोन कानांपासून जरा दूर धरले. पुढचा वेळेआधी आला, त्याच्या पुढचा वाक्य संपल्यावर. काका अडखळले. पुन्हा बोलायला गेले... ठोका बरोब्बर शब्दाच्या मध्ये. शाळेत एक पोर दुसऱ्याच्या वहीला मुद्दाम धक्का देतं, तसा.

काका उठून उभे राहिले. डावीकडे वळले.

"बास. तेव्हा एक शब्द बोलला नाहीस. आता बुटाने बोलतोस?"



मग काका ऐकायला लागले.

हो, ऐकायला. मान वर करून, उंच माणसाकडे बघतात तसं. मध्येच त्यांनी मान हलवली, मध्येच हात झाडला. समोरच्याचं बोलणं तोडावं तसे घाईने बोलले, पुन्हा गप्प झाले, पुन्हा उसळले. काकूचं नाव निघालं. डॉक्टरांचं निघालं. भांडण चांगलंच रंगलं. तिला मात्र भांडणाची एकच बाजू ऐकू येत होती.

एकदा काका म्हणाले, "ते तिला तूच सांग. माझ्याकडून निरोप नको."

आणि त्यांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं.



बाहेर आल्यावर काकांनी तोंड पुसलं, बूट घातले, काठी उचलली. आता पुन्हा काही बोलणार नाही म्हणाले. जुनंच राहू दे. मालकाने फोनवर खूप आदळआपट केली, पण इलाज नव्हता. मामाचा आवाज वाचला.

ती एकटी राहिली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. तिने मघाचं रेकॉर्डिंग लावलं.

काका गप्प होते त्या जागा आल्या... आणि तिने आवाज पूर्ण वाढवला.

रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. हवा असते, श्वास असतो. इथे काहीच नव्हतं. पडद्यावर रेष सपाट. अशी सपाट जागा एकाच कारणाने होते. तिथे काहीतरी असतं आणि कुणीतरी ते कापून काढतं. ती रोज हेच काम करते.

त्या रेकॉर्डिंगला तिने हातही लावलेला नव्हता.

मग घाईघाईने तिने चित्रपटाची मूळ, न साफ केलेली प्रत उघडली. ठोके तरी परत बसवू म्हणून. खरखर होती, घरघर होती. ठोक्यांच्या जागी मात्र तीच सपाट रेष. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

चित्रपट लागला. मामाचा आवाज स्वच्छ, काकांचा स्वच्छ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. संवाद पाठ असलेली माणसं नातवंडांना घेऊन आली. कोटाचा प्रसंग आला. सगळे हसायच्या तयारीने पुढे सरकले...

कुणी हसलं नाही.

बाहेर पडताना लोक म्हणत होते, आपणच म्हातारे झालो.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. मालकावर राग होताच, काकांवर होता. सगळ्यात जास्त मामावर. ती त्याच्यासाठी भांडली. त्याने भांडायला काका निवडले, तिला एक अक्षर दिलं नाही, आणि वर ठोकेही घेऊन गेला.

तिने तिथूनच, चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवरून, काकांना फोन लावला. मामा त्या दिवशी काय म्हणाला, असं विचारलं.

"नको विचारूस, पोरी."

"माझ्यावर चिडलाय का तो? मी त्याचा आवाज वाचवला, काका. मी. त्याला सांगा तसं."

पलीकडे त्यांच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मग घड्याळ थांबलं.

श्वासही थांबला.

फोन चालू होता, पण पलीकडे काहीच नव्हतं. तीच सपाट जागा. बराच वेळ... कुणाचं तरी लांबलचक बोलणं संपावं, इतका वेळ.

मग घड्याळ पुन्हा टिकटिकायला लागलं.

"ऐकलंस ना?" काका म्हणाले. "झालं तुझं समाधान?"

तिने काहीच ऐकलं नव्हतं.