नऊ खिडक्यांची लांबी

"भंगार कुणी गोधडीत गुंडाळतं व्हय?" सोनलनं विचारलं.

इंद्रायणी आणि तिचा चुलतभाऊ समर्थ हातातला पेरू खायचे थांबले. समोर ओसरीवर भरतशेठची दोन माणसं घराची एक जुनी लोखंडी खिडकी भिंतीतून सोडवून आणून ठेवत होती. ठेवत तरी कशी होती, तर तान्ह्या बाळाला निजवावं तशी. खाली एक गोधडी, वर एक गोधडी आणि बाहेरून सुतळीचे चार वेढे. आणि हाच भरतशेठ कालपासून कानीकपाळी ओरडत होता की या खिडक्या म्हणजे कचरा आहे, निव्वळ भंगार आहे.

सोनल याच मढ गावातली, शेजारच्या घरातली. बोलायची कमी, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. ही कला समोरच्या घरातल्या मोठ्या माणसांकडे असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

घर होतं निर्मलाआत्याचं. तिच्या वडिलांनी, म्हणजे डॉक्टरआजोबांनी, ऐंशी वर्षांपूर्वी मढला दगडी घर बांधलं आणि त्याला मुंबईहून अकरा लोखंडी खिडक्या आणवल्या. बोटभर जाडीची चौकट, प्रत्येक झडपेला तीन काचा, वर एक छोटी उघडती झडप. दोन्ही झडपा उघडल्या की सगळी खिडकी मोकळी. गावच्या शाळेत तीस वर्षं शिकवून आत्या इथंच राहिली. आता तिच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशनसाठी ती पुण्याला इंद्रायणीच्या घरी गेली होती. निघताना ती इंद्रायणीला म्हणाली होती, "खिडक्या गेणभाऊ पेंटरला दाखवल्यात. तू सुट्टीला चाललीच आहेस, तर तेवढं लक्ष ठेव. परत आले की मला त्या खिडकीतून धड बाहेर बघायचंय गं. चार वर्षं झाली, सगळं धुक्यातच चाललंय."

इंद्रायणीनं हो म्हटलं होतं. पण सुट्टीला सोबत आले बाळासाहेबकाका, आत्याचे धाकटे भाऊ आणि समर्थचे वडील. पुण्यात एका कंपनीत मॅनेजर. ज्या विषयातलं आपल्याला कळत नाही, असा विषय त्यांना अजून भेटायचा होता. गेणभाऊ लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून ठेवून गेले होते. काकांनी ती मोठ्यानं वाचली.

"११ खिडक्या पायल्या. ९ ची लांबी गेली. २ खालून सडल्या, तशाच नव्या कराव्या. गेणभाऊ पेंटर."

"बघा," काका म्हणाले. "ऐंशी उन्हाळे. लोखंड तापतं, ताणलं जातं, लांबी बिघडते. साधं सायन्स आहे. आता हे सगळंच काढायला हवं."

समोर खुर्चीत भरतशेठ बसला होता. गळ्यात जाड साखळी, हातात दोन मोबाईल, आणि दाराशी 'आधुनिक खिडक्या' असं रंगवलेला टेम्पो. त्यानं चिठ्ठी वाचली, क्षणभर काकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेबांचा अभ्यास लई दांडगा. एकदा लांबी गेली म्हंजी गेलीच." मग त्यानं पांढऱ्या अॅल्युमिनियमची सरकती खिडकी सुचवली. निळी काच, त्यात आपलंच तोंड दिसणारी. सरकवली की अर्धी उघडते आणि अर्धी कायमची बंद. जुनं भंगार तो स्वतःच उचलून नेणार होता, तेवढाच साहेबांचा त्रास वाचावा म्हणून. काका या उपकारानं भारावून गेले. स्तुतीच्या दोन शब्दांवर माणूस किती स्वस्तात जातो ते पाहायचं असेल तर त्यांनाच पाहावं.

एक खिडकी आज नमुन्याला काढली होती. बाकीच्या दहा उद्या सकाळी निघणार होत्या. आणि आत्याला फोन करायला बंदी होती, कारण ऑपरेशनच्या तोंडावर तिचं बीपी वाढायला नको. एवढं एकच काका बरोबर बोलले होते, आणि तेच नेमकं इंद्रायणीच्या आड आलं.

"बाबा म्हणतात म्हणजे लांबी बिघडलीच असणार," समर्थ जरा चिडून म्हणाला. त्याला वडिलांचा अभिमान होता. "मोजून दाखवू?"

त्यानं काकांच्या बॅगेतला टेप आणला. पहिली खिडकी चार फूट दोन इंच. दुसरी चार फूट दोन इंच. तिसरी, चौथी, सगळ्या तेवढ्याच. शेवटी भरतशेठची माणसं चहाला गेल्यावर त्यांनी गोधडीतली खिडकीही मोजली. तीही चार फूट दोन इंच. समर्थ टेप गुंडाळू लागला.

"आणि ती लांबली असती," इंद्रायणी म्हणाली, "तर दगडी भिंत नसती का सरकली?"

"गेणभाऊलाच इचारू की," सोनल म्हणाली. "वरच्या वाडीत ऱ्हातात. घंटाभराची वाट हाये."

वाट भातखाचरांच्या बांधांवरून होती. कापणी चालू होती, जो तो विचारत होता की पावणं कुठले, आणि सोनल सगळ्यांना निर्मलाबाईंची पोरं एवढंच सांगत पुढे चालली होती. गेणभाऊ अंगणात कणसं झोडपत होते. इंद्रायणीनं काकांचं सायन्स जसंच्या तसं सांगितलं. म्हातारा आधी ऐकतच राहिला, आणि मग इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

त्यांनी घरातून एक डबा आणला. आत खडूची पूड आणि अळशीच्या तेलाचा मळलेला पिवळट गोळा होता, कणकेसारखा मऊ.

"ही लांबी. काच बसवली की कडंनं ही भरायची. ऐंशी वरसात सुकली, भेगाळली, पडली. काच खडखडती, पावसाचं पानी आत येतं. जुनी खरवडायची, नवी भरायची, रंग द्यायचा, झालं काम. निर्मलाबाईंच्या नऊ खिडक्यांना दुसरं कायबी झालं न्हाई. पच्छिमेच्या दोन तेवढ्या खालून सडल्यात, त्या नव्या लागतील. पर तशाच."

समर्थचे कान लाल झाले. इंद्रायणीनं विचारलं, मग भरतशेठलाही हा शब्द माहीत नव्हता का?

"भरतला?" गेणभाऊंचं हसू गेलं. "त्याच्या बापानं माझ्या हाताखाली लांबी भरलीया. हे पोरगं डबा घिऊन मागं असायचं. त्याला समदं ठावं हाये."

गेणभाऊ सकाळी येतो म्हणाले, पण त्यांनी बजावलंही. शिकलेल्या माणसाला चूक दाखवली की तो ती आणखी घट्ट धरतो, त्यामुळे साहेबाला ती स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे.

झालंही तसंच. संध्याकाळी समर्थनं वडिलांना लांबीचा अर्थ सांगितला. त्यावर काका म्हणाले की पेंटर लोकांना इंजिनिअरिंगमधलं काय कळतं, आणि वर्तमानपत्र उघडून बसले. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्या संध्याकाळी पेरूच्या झाडाखाली तिघांनी आपला बेत ठरवला, आणि त्यातलं अवघड काम समर्थनं आपणहून मागून घेतलं.

सकाळी भरतशेठ टेम्पो घेऊन हजर झाला. काका ओसरीवर चहा घेत होते. इंद्रायणी भोळा चेहरा करून पुढे झाली.

"भरतशेठ, हे नक्की भंगारच आहे ना?"

"भंगार म्हंजी भंगारच, ताई."

"वितळवायलाच जाणार?"

"मग काय दिवाणखान्यात लावनार?"

"काका, ऐकलंत ना?" काकांनी मान डोलावली. तेवढ्यात समर्थ मागच्या पडवीतून घण घेऊन आला. सोनलनं सुतळी सोडून गोधडी बाजूला केली.

"मग मी आधी तुकडे करून देतो," समर्थ म्हणाला. "टेम्पोत नीट मावेल. तुमचा त्रास वाचेल." आणि त्यानं घण खांद्यावर घेतला.

भरतशेठनं दोन्ही मोबाईल टाकले आणि साखळीसकट तो खिडकीवर आडवा पडला.

"आरं थांब! एक जरी काच फुटली तर त्यो रिसॉर्टवाला ही खिडकी घ्यायचा न्हाई!"

काकांचा कप हवेतच राहिला. एरवी नुसता नंदीबैलासारखा डोलणारा तो माणूस पहिल्यांदाच नीट ऐकत होता. तेवढ्यात फाटकातून गेणभाऊ आले, हातात डबा. त्यांनी काकांच्या तळहातावर लांबीचा गोळा ठेवला आणि खिडकीच्या कडेची सुकलेली खपली नखानं काढून शेजारी ठेवली. "ही गेली, साहेब. ही आली," एवढंच ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. घाटाच्या बाजूला एक नवं रिसॉर्ट उभं राहत होतं, ते शंभर वर्षांचं दिसायला हवं होतं. म्हणजे खऱ्या जुन्या घराचे डोळे उपटायचे, तिथं निळी काच ठोकायची, आणि ते डोळे कालच्या सिमेंटला लावून पाहुण्यांना सांगायचं की बघा, इंग्रजांच्या काळातलं. असल्या अकलेला काय म्हणावं? भरतशेठ शब्दाचा खेळ करत राहिला, साहेबच म्हणाले होते, मी फक्त हो म्हटलं. त्यात थोडं खरं होतं, आणि म्हणूनच काकांनी त्याला आणखी बोलू न देता फाटक दाखवलं.

पुढचे दहा दिवस घरात खरवडण्याचा आवाज होता. गेणभाऊ सांगायचे, मुलं करायची. जुनी लांबी काढली, गंज घासला, गंज रोखणाऱ्या लाल रंगाचा हात दिला, काचा पुन्हा बसवल्या आणि नवी लांबी अंगठ्यानं दाबत भरली. बाळासाहेबकाकांच्या वाट्याला खरवडणंच आलं. गेणभाऊ त्यांना दुसरं काही हातात देईनात.

सडलेल्या दोन खिडक्यांचं अवघड होतं. सोनलचा भाऊ आदेश अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता. त्यानं एक वेल्डर शोधला. वेल्डर म्हणाला, जाड चौकोनी पाइप वापरू, मजबूत होईल, काच थोडी लहान झाली तर कुणाला कळतंय? इंद्रायणीनं त्याला घरी आणून जुन्या खिडकीच्या चौकटीवर बोट ठेवलं. एवढीच जाडी. तेवढ्याच काचा. वरची झडप उघडायलाच हवी. कुरकुर करत का होईना, त्यानं दोन्ही खिडक्या तशाच केल्या. बिजागऱ्या आणि कड्या जुन्याच काढून लावल्या.

आत्या आली ती काळा चष्मा लावून. गाडीतून उतरल्यावर तिनं कुणाचा हात घेतला नाही. ती एकेका खिडकीपाशी गेली आणि पश्चिमेच्या दोन खिडक्यांपाशी थांबली. चौकटीवरून बोट फिरवलं.

"या नव्या आहेत," ती म्हणाली.

इंद्रायणीनं सगळं सांगून टाकलं, रिसॉर्ट, गोधड्या, घण, आणि या दोन मात्र वाचवता आल्या नाहीत हेही.

"वाचवायच्या नव्हत्याच. सडलेलं बदलावंच लागतं. ते ओळखून बदलायचं, एवढंच." आत्यानं तिघांना जवळ ओढलं. "तीस वर्षं पोरं शिकवली, पण माझं काम इतकं नीट ऐकून केलेलं पहिल्यांदा बघतेय. सोनल, तुझ्या डोळ्यांना तर तोड नाही." गेणभाऊंना तिनं वाकून नमस्कार केला, तेव्हा म्हातारा गडबडून मागंच सरकला.

मग तिनं कडी काढली, दोन्ही झडपा बाहेर ढकलल्या आणि चष्मा उतरवला. खाली भाताची कापलेली खाचरं होती, पलीकडे डोंगराचा कडा आणि त्यावरच्या वाटेनं गवताचे भारे घेऊन उतरणाऱ्या बाया. आत्या एकेक बाई मोजत राहिली.

बाळासाहेबकाका घसा खाकरत पुढे आले. "ताई, त्याचं काय झालं, मला पहिल्यापासूनच जरा संशय..."

"बाळ्या," आत्या मागे न वळता म्हणाली, "बाजूला हो. मला बघू दे."