पानांची पाठ

हसशील, पण ऐक. कचेऱ्यांमधली कुंड्यांतली झाडं तेलाच्या बोळ्यानं पुसून चकचकीत करायची, हा माझा धंदा. आत्याकडे पाहुणे यायचे होते, म्हणून त्या दुपारी तिच्या खोलीतलं रबराचं झाड पुसायला गेले. आत्या पलंगावर, छातीच्या दुखण्यानं खंगलेली. डॉक्टरांनी कधीच हात टेकले होते, तरी बाई वर्षानुवर्षं तग धरून होती.

"पानांच्या पाठीला तेल लावू नकोस गं," ती म्हणाली. "तिथं बारीक छिद्रं असतात. झाड तिथूनच श्वास घेतं."

"आत्या, मला नको शिकवूस," मी फटकन बोलले. मेला माझा स्वभावच तसा. तिचा डोळा लागल्यावर एकेक पान दोन्हीकडून माखलं.

खोलीत तेलाचा वास कोंदला. शेवटच्या पानाशी आले आणि एकदम शांत शांत वाटलं... आत्याची घरघर थांबली होती. वळून पाहिलं, तर ओठ निळे.

"आत्या... ए आत्या!"

तिनं डोळ्यांनीच झाडाकडे खुणावलं. माझी पाचावर धारण बसली. साबणाचं पाणी आणलं, एका पानाची पाठ पुसली. तिची छाती जराशी हलली. दुसरं पुसलं... आणखी हलली. मी रडत रडत पुसत होते आणि पानागणिक तिचा श्वास परतत होता. एवढं मोठं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"खोड तेवढं कोरडं सोडलंस म्हणून वाचले," ती पुटपुटली. खोडावर पुरळासारखे ठिपके होते. "तिथूनही येते थोडी हवा..." मग माझा हात धरला. "तुझी लेक जन्मली तेव्हा रडेना. म्हणूनच याची फांदी दिली होती तुला. जपलीस ना?"

धावत घर गाठलं. फांदीचं झाड झालेलं, पण तेलाचा बोळा कधी लागलेला नव्हता. दिवसभर लोकांची झाडं पुसल्यावर घरचं कोण पुसतंय! लेक दारात दोरीवरच्या उड्या मारत होती. तिला इतकं कवटाळलं की ती ओरडली.

आत्या पुढे पिकल्या वयात गेली. त्याच सकाळी तिच्या झाडानं सगळी पानं टाकली.

लेक आता लग्न होऊन दूर असते. रोज सकाळी मी तिच्या झाडाच्या पानामागे हातआरसा धरते. काच धुरकटते, निवळते, संथपणे, ती लहानपणी झोपेत श्वास घ्यायची तशी. काल शेंड्याला नवं पान उलगडलं. त्याच्यामागेही आरसा धरला. काच धुरकटली... पण दुप्पट वेगानं, तान्ह्या बाळाच्या श्वासासारखी.

लेकीनं अजून तसं काही सांगितलेलं नाही. फोन हातात घेऊन बसलेय, विचारायची छाती होत नाही.