तिकिटाऐवजी सही

शनिवारी दुपारी ऑरिन टॉलिव्हर खोकल्याचं औषध स्वतःच पोचवायला निघाला, तेव्हाच त्याच्या बायकोने ओळखलं की स्वारीचा डोळा औषधावर नाही. ओहायोतल्या त्या गावात त्याचं औषधाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या दारी तो कधी जात नसे.

"पोरगा तिकडे फ्रान्सच्या खंदकात," हेस्टर म्हणाली, "कधीपासून पत्र नाही, आणि तुम्हाला मेलेल्या पुढाऱ्यांच्या सह्यांचं वेड!"

"अगं, हाताला काम नसलं की डोक्यात नको ते येतं."

हे मात्र खरं होतं. एलायस युद्धावर गेल्यापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुकान बंद केलं की तो सह्यांची वही घेऊन बसायचा. राज्याचे गेल्या शतकातले सगळे सिनेटर तिच्यात होते, फक्त गॅड्सबी नव्हता. त्याची सही कुणाकडेच का सापडत नाही, हा प्रश्न ऑरिनला पडला नाही. नादिष्ट माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

गॅड्सबीची म्हातारी मुलगी, फिल्युरा, गावाबाहेरच्या घरात एकटी राहायची. औषध तिच्यासाठीच होतं. घरात कापराचा आणि ओल्या राखेचा वास होता. दारात पत्रं टाकायची फट होती, ती तिने आतून फळी ठोकून बंद केली होती.

"सही ना?" ती म्हणाली. "घेऊन जा हवी तेवढी."

तिने कपाटाचा खण ओढला. आत कोऱ्या पाकिटांचा ढीग होता. नाव नाही, पत्ता नाही. उजव्या कोपऱ्यात, तिकीट लावतात तिथे, तेवढी सही. त्या काळी सिनेटरच्या टपालाला तिकीट लागत नसे, सहीवरच पत्र जायचं.

"बाबा आधीच सह्या करून ठेवायचे," फिल्युरा हळू आवाजात म्हणाली. "यादवी युद्ध चालू होतं. इकडचं पोरगं कामी आलं की त्याच्या घरी हे पाकीट जायचं. सही दिसली की बायका दारं लावून घ्यायच्या. नंतर लोकांनी घरी आलेली सगळी जाळून टाकली."

"पत्ते त्यांचा कारकून घालायचा?"

"कारकून नव्हता, ऑरिन..."

"मग कोण?"

"ते आम्ही कधी पाहिलं नाही. सकाळी घातलेले असायचे."

तरीही एक पाकीट ऑरिनने खिशात घातलंच.

दुकानात परतल्यावर त्याला कोलंबस शहरातला प्रुइट आठवला. सह्या जमवणाऱ्यांत तो सगळ्यांत खवचट. कोरं पाकीट बघून तो म्हणणार, ही सही कुणीही केली असेल, हे टपालाने गेलंच कुठे? पत्ता असला की पाकीट खरं ठरतं. ऑरिनने शाईत थोडं पाणी घातलं, ती जुनी दिसेल इतकी फिकी केली, आणि मनाशी एका नसलेल्या विधवेचं नाव ठरवून लिहायला घेतलं. एवढीशी लबाडी या नादात सगळेच करतात, असं त्याने स्वतःला समजावलं.

टाक खाली ठेवून त्याने वाचलं.

'श्री. व सौ. ऑरिन टॉलिव्हर.'

अक्षर त्याचंच होतं. खाली गल्लीचं नावही बरोबर होतं. त्याने पाकीट शेगडीत टाकलं, सळईने राख पार मोडली आणि दुकानावरच्या आपल्या घराकडे धावत जिना चढला.

हेस्टर दारातच उभी होती. तिच्या हातात पाकीट होतं.

"अहो, टपाल आलंय. तिकीट नाही बघा, कोपऱ्यात नुसती सही... आणि पत्ता तुमच्या अक्षरात कसा?"

मघाचं रिकामं पाकीट आता चिकटवलेलं होतं, आणि जड होतं.

"उघडू नकोस," ऑरिन म्हणाला. त्याला रडू फुटलं आणि त्याने सगळं सांगून टाकलं. हेस्टर मटकन खुर्चीत बसली. पाकीट तिने मांडीवर धरलं होतं, जोराने दाबायलाही ती धजत नव्हती.

"ऐका," ती एकदम म्हणाली.

ऑरिन वाकला. पाकिटातून बारीक करकर येत होती. कागदावर टाक चालल्याचा आवाज. सावकाश, ओळीमागून ओळ.

"अजून लिहितोय..." हेस्टर कुजबुजली. "म्हणजे अजून पुरं झालेलं नाही. आपला एलायस अजून..."

दोघं पाकिटाला कान लावून बसली. बाहेर अंधारून आलं तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. लेकाच्या पत्रासाठी देवाला साकडं घालणारे आईबाप आता हे पत्र संपू नये म्हणून देवाचा धावा करत होते.

मग करकर थांबली.

"हेस्टर... संपलं?"

तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"नाही. शाई घेत असेल... शाईच घेत असेल..."