लाल्या वाळेना

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. नंतर जमायचं नाही.

ही भाकडकथा नव्हे. माझ्या आईचे सख्खे मामा, रामचंद्रमामा, यांच्यावर गुदरलेला प्रसंग आहे. आणि मामा म्हणजे भुताखेतांच्या नावानं शिव्या घालणारा माणूस.

साल एकतीस किंवा बत्तीस. वैशाखाचे दिवस. गाव मुरुड, जंजिऱ्याच्या नबाबाचं.

मामांची सात वर्षांची राही विषमज्वरातून कशीबशी उठली होती. नुसती हाडं उरली होती. घास तोंडात घेईना. घरचा तांबडा, फाटक्या कानाचा कुत्रा लाल्या शेजारी बसला, की एक घास त्याला, एक हिला, असं करत पोर थोडंफार गिळायची. डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा द्या. मामी तान्ह्या बाळापायी गिरगावातच राहिली. मामा मुलीला आणि कुत्र्याला घेऊन आगबोटीनं मुरुडला उतरले.

त्या गावात कुत्र्याला कुणी ‘हाड’ म्हणत नसे. कोळणी जाता जाता मांदेली फेकायच्या. जागा मिळाली अमिरुन्निसाबीच्या नारळाच्या वाडीत. म्हातारी मायाळू, पण सडेतोड.

"मुकं जनावर हाय, राहू दे. पन वला असला तं वसरीवर चढवू नको. वाळला की खुशाल येऊ दे."

ओलं कुत्रं अंगाला लागलं, तर त्यांच्यात मातीनं आणि पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवावं लागे. म्हणून समुद्रावरून आला की लाल्या विहिरीजवळच्या धोंड्यावर बसायचा. वाळला की ओसरीवर राहीजवळ. शहाणा कुत्रा. दोन दिवसांत शिकला.

मग ती संध्याकाळ आली...

लाल्या एका पाखरामागं पाण्यात शिरला. रोजच शिरायचा. पण किनाऱ्यावरून रावजी कोळी ओरडला, "दादा, सुकती लागली! पानी भायेर वढतंय, बोलवा त्याला!"

मामांनी हाका मारल्या. घसा फुटेस्तोवर मारल्या.

तांबडं डोकं दिसलं. बुडालं. पुन्हा दिसलं...

मग दिसलंच नाही.

दिवेलागण झाली, तरी मामा तिथंच उभे. लाल्या गेला म्हणजे पोर जेवायची थांबली. आणि जेवायची थांबली म्हणजे... पुढचं मनातसुद्धा आणवेना. त्या वाळूत मामा लहान मुलासारखे रडले.

पाय ओढत वाडीच्या बेड्याशी, त्या बांबूच्या फाटकाशी आले, आणि...

राहीचं हसू ऐकू आलं.

धोंड्यावर लाल्या बसला होता! अंगातून पाणी निथळत होतं.

"अरे चोरा! जीव घेतलास की माझा!" मामांनी त्याला मिठीच मारली. अंग थंडगार होतं. समुद्रातून आलेला, थंड असणारच.

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणतं होतं. अंगणातलं खोबरं दुपारपर्यंत खडखडीत वाळलं.

लाल्या वाळेना.

रात्रभर धोंड्यावर होता. सकाळभर उन्हात होता. तरी शेपटीच्या टोकातून... टप... टप...

एवढ्या उन्हात जीभ बाहेर नाही. धाप नाही. गावातली कुत्री रोज त्याच्याशी खेळायला यायची. त्या दिवशी बेड्यापर्यंत आली. भुंकली नाहीत. तशीच मागं फिरली.

अमिरुन्निसाबी बाहेर आली. "सकाळी पान्यात गेला व्हता काय?"

"नाही, चाची."

"मंग?"

मामांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बोट जिभेला लावलं. खारट.

आणि राही? राही जेवत होती! लाल्या घासाला तोंड लावीना, म्हणून त्याचाही वाटा तीच खात होती. "बाबा, अजून भात."

हे ऐकायला मामा किती दिवस आसुसले होते. आता ऐकलं, तर भात वाढता वाढता नजर धोंड्याकडे गेली.

त्याच संध्याकाळी रावजी आला. खांद्यावर गोणपाट.

"दादा, जाळ्यात गावला. पोरीला दावू नका..."

मामांनी गोणपाट उघडून पाहिलं. तोच फाटका कान. मामांनी स्वतः बांधलेला पितळी बकलाचा पट्टा.

तेवढ्यात रावजीची नजर मामांच्या मागं गेली. हातातून गोणपाट खाली पडलं.

धोंड्यावर लाल्या बसला होता. राही त्याच्याशी बोलत होती.

दोघांनी ते कलेवर केवड्याच्या बनाजवळ वाळूत पुरलं. मामांच्या मनात एकच, आता धोंडा रिकामा असेल. तसा असावा असं वाटे... आणि त्याचीच भीतीही वाटे.

धोंडा रिकामा नव्हता.

राही फ्रॉकच्या टोकानं त्याचं तोंड पुसत होती. "बाबा, याच्या डोळ्यांत एवढी वाळू कुठून आली हो?"

मामा धावतच म्हातारीकडे गेले. "चाची, काय करू? हाकलू त्याला?"

तिनं धोंड्याकडे बघितलं.

"पोरगी जेवते?"

"जेवते."

"मंग तूच ठरव, बाबा. बाप तू हायस."

गिरगावला परतायला मामांनी रातोरात सामान बांधलं. सकाळी आगबोट खोल पाण्यात येऊन थांबली. तिथवर न्यायला रावजीचा पडाव होता. कडेवरून गावात आणलेली राही आपल्या पायांनी पडावात चढली. लाल्या मागं मागं आला, आणि पाण्याच्या कडेला थांबला.

मामांकडे बघत राहिला.

रावजी हळूच म्हणाला, "दादा, नुसतं ‘थांब’ म्हना. तो तुमचा ऐकंल. हितंच ऱ्हाईल."

"लाल्या नसला तर मी नाही जेवणार," राही म्हणाली. गालांवर नुकता कुठं रंग चढला होता.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं.

"ये, लाल्या."

त्यानं उडी मारली. पडावाच्या फळ्यांवर आवाज झाला नाही. रावजीनं मान फिरवली आणि मुकाट वल्हं मारायला घेतलं.

पुढं गिरगावात काय झालं, ते मामांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. खोदून विचारलं की म्हणायचे, "तू बाप झालास म्हणजे कळेल."

राहीमावशी जगली. चांगली ठणठणीत आहे. मी तिच्याकडे जातो, गप्पा मारतो, चहाही घेतो.

पानं मांडायला घेतली, तिच्या शेजारी टप... टप... ऐकू आलं, की मात्र मी उठतो.