इस्त्रीचा डाग

"त्यो रंग मी उगंच लावलेला न्हाय! ठिव म्हणतो न्हवं!" मामंजी कडाडले; पण अनुजाच्या हातातली रंग खरवडायची पत्री थांबली नाही.

"ठिवत न्हाय, मामंजी. आज न्हायच ठिवत!"

उद्या तिचा धाकटा दीर धैर्यशील वडिलांना कायमचं गडहिंग्लजला नेणार होता. त्यांच्यासोबत हा जुना रेडिओही जाणार होता... जाऊ दे! पण त्याच्यावरचा आपल्या नावाचा कलंक पुसूनच जाऊ दे, असा निर्धार करून त्या विधवा सुनेनं सोप्यात रेडिओची लाकडी पेटी मांडली होती.

बऱ्याच वर्षांपूर्वी ज्या सकाळी धैर्यशील नोकरीच्या मुलाखतीला निघाला होता, त्या सकाळी मामंजींच्या या जिवापाड जपलेल्या रेडिओवर त्याच्या हातून तापलेली इस्त्री टेकली गेली. पोराचा चेहरा पांढराफटक पडला! मामंजींनी त्याला उभ्या पावली घराबाहेर काढलं असतं, म्हणून "माझ्या हातनं झालं," असं म्हणत अनुजानं तो अपराध पदरात घेतला. संतापलेल्या मामंजींनी डाग धड पाहिलाही नाही, त्याच दिवशी वर तपकिरी ऑइलपेंट फासला. तेव्हापासून त्यांनी तिच्या हातचा चहा ओठाला लावला नव्हता... अगदी तिचा नवरा गेला तेव्हाही नाही! पेठेच्या कोपऱ्यावर जाऊन हॉटेलातला चहा प्यायचे.

रंगाचे पापुद्रे निघाले, खालचं सागवान उजळलं, आणि त्यात तो काळा डाग जसाच्या तसा वर आला. तिनं पॉलिशपेपर घासघास घासला. पण वरचा सागवानी थर कागदासारखा पातळ, आणखी घासला तर फाटायचा. तिचे डोळे भरून आले.

मामंजी काठी टेकत जवळ आले, वाकून डाग न्याहाळत राहिले. मग आत जाऊन थंड इस्त्री घेऊन आले.

"ही धर. ठिव बघू त्याच्यावर."

तिनं सवयीनं उजव्या हातानं ठेवली. इस्त्रीचं टोक डावीकडं झुकलं. डागाचं टोक मात्र उजवीकडं होतं... आणि त्या घरात डावखुरा एकटा धैर्यशील!

"मामंजी, डाग माझाच हाय..."

"गप! आजून बी त्याला पाठीशी घालतीस व्हय?" म्हाताऱ्याचा आवाज फुटला. "आणि मी... मी तुझ्या हातचं पाणी तोडलं गं पोरी!"

"त्याला कायबी बोलू नगासा. बायकापोरांसमोर मान खाली जाईल त्याची."

"न्हाय बोलत. पण गडहिंग्लजला बी जात न्हाय!"

तिनं डोळे पुसले आणि लाखेच्या पॉलिशमध्ये मलमलची पुरचुंडी बुडवली. मामंजींनी तिचा हात धरला.

"डाग झाकू नगंस. वरनं नुसतं पालिश मार... आणि आधी च्या टाक."

तिनं ओट्याशी जाऊन चहा उकळला आणि कपबशी त्यांच्यापुढं ठेवली. मामंजींनी बशीत ओतून सगळा चहा संपवला, तोंड पुसलं आणि रिकामा कप तिच्यापुढं धरला.

"आजून हाय का गं?"